धाटात साखर, कणसात दाणा : फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेची वाटचाल

कंधार, लोहा, मुखेड भागात ज्वारीची काढणी सुरू झाली की मुले धाटे सोलून चघळतात. सगळीच धाटे गोड निघत नाहीत. एखादे रसाने भरलेले असते, तर त्याला खेटून उभे असलेले दुसरे आतून भेंडासारखे कोरडे. जाणत्या शेतकऱ्याला धाट मोडून पाहावे लागत नाही, तो पानावरून सांगतो. पानाची मधली शीर खडूसारखी पांढरी असेल तर धाट कोरडे, मळकट हिरवट असेल तर रसाळ. शास्त्रज्ञही शेतात पहिली निवड याच खुणेवर करतात. हा फरक मुख्यतः एका जनुकाचा आहे. कोरडेपणा प्रभावी, रसाळपणा अप्रभावी. २०१८ मध्ये दोन स्वतंत्र संशोधक गटांनी या जनुकाची नेमकी ओळख पटवली. ते चालू असेल तर धाटाच्या गाभ्यातल्या पेशी वेळेआधी मरतात आणि तिथे हवा भरते. ते निकामी झालेले असेल तर पेशी जिवंत राहतात आणि रस धरून ठेवतात.

या जनुकाचा पत्ता लागण्याच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी, सातारा जिल्ह्यातल्या फलटण या तालुक्याच्या गावी एका खासगी, विनानफा संस्थेने गोड धाटाच्या ज्वारीवर काम सुरू केले होते. खाण्यासाठी दाणा, जनावरांसाठी वैरण आणि चुलीपासून इंजिनापर्यंत चालेल असे इंधन, या तिन्ही गोष्टी एकाच पिकातून मिळाव्यात, हा तिचा ध्यास होता. संस्थेचे नाव निंबकर कृषी संशोधन संस्था. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे तिला ‘नारी’ म्हणतात. नांदेड-लातूरकडच्या वाचकाला फलटण लांबचे वाटेल. पण ज्या पिकावर हे काम झाले ते आपले, ज्या कोरडवाहू शेतीसाठी झाले ती आपली, आणि या कल्पनेचा एक मोठा व्यावसायिक प्रयोग नांदेड जिल्ह्याच्याच मातीत झाला. म्हणून स्मरणिकेची ही पाने फलटणच्या संस्थेसाठी.

संस्थेची स्थापना १९६८ ची. संस्थापक बनबिहारी विष्णू निंबकर. १९३१ चा जन्म, वडील विष्णुपंत महाराष्ट्राचे, आई एलिझाबेथ लुंडी अमेरिकेची. अमेरिकेत शिकून आलेला हा माणूस फलटणला शेती करायला गेला आणि तिथलाच झाला. पत्नी जाई निंबकर या इरावती आणि दिनकर कर्वे यांच्या कन्या. इंग्रजीतल्या कादंबरीकार आणि परभाषकांना मराठी शिकवणाऱ्या पुस्तकांच्या सहलेखिका. घरात एकीकडे पुस्तके आणि दुसरीकडे बियाण्याच्या पिशव्या. निंबकरांचा बियाण्याचा व्यवसायही होता, त्यामुळे वाण प्रयोगाच्या वाफ्यातून शेतकऱ्याच्या पेरणीच्या चाड्यापर्यंत नेताना काय काय आडवे येते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. विद्यापीठातल्या पैदासकाराला हे शिकायला अनेकदा निम्मी कारकीर्द जाते.

संस्था निघाली तो काळ संकरित ज्वारीचा होता. १९५४ मध्ये अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी ज्वारीतली पेशीद्रव्यजन्य नरवंध्यता, म्हणजे आईकडून संततीत येणारा परागहीनपणा, दाखवून दिली आणि पुढच्या दहा वर्षांत, १९६४ मध्ये, भारताचा पहिला संकरित वाण सीएसएच-१ शेतात आला. मराठवाड्यात खरिपाच्या ज्वारीला लोक आजही ‘हायब्रीड’ म्हणतात ते तेव्हापासून. या वाणांनी दाणा भरपूर दिला, पण ताट बुटके केले. देशी ज्वारीच्या उंच, गोडसर कडब्यावर बैल पोसणाऱ्या शेतकऱ्याला हे खटकले. दाणा वाढवताना धाटाकडे दुर्लक्ष झाले, ही त्या काळच्या पैदाशीतली उणीव होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला निंबकरांची संस्था नेमकी धाटाकडे वळली. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, आणि धाटातली साखर ही वैरणीपुरती बाब उरली नाही.

अमेरिकेत गोड ज्वारी नवी नव्हती. तिथे शंभर-सव्वाशे वर्षे शेतकरी चरकात धाटे पिळून काकवी करत आले होते. मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियन इथल्या केंद्रावर रिओ, रे, केलर अशा नावांचे उत्तम गोड वाण तयार झाले होते. ते आणून फलटणला पेरले की झाले, असे कुणाला वाटेल. पण त्या वाणांचा दाणा बारीक, तपकिरी आणि तुरट. भाकरी करायला निरुपयोगी. दाण्याच्या आतल्या कवचात टॅनिन साठते म्हणून ही तुरट चव येते. त्यासाठी दोन वेगवेगळी प्रभावी जनुके एकाच झाडात यावी लागतात. यातले एक जरी नसले तरी दाणा टॅनिनमुक्त होतो. आपल्या मालदांडीचा टपोरा, मोत्यासारखा दाणा आणि परदेशी वाणाची गोडी एका झाडात आणायची तर संकर करायचा आणि मग पिढ्यान्‌पिढ्या निवड करायची, याला दुसरा रस्ता नव्हता.

कागदावर हे सोपे दिसते. ज्वारीचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून संकर करायचा तर आधी त्यातले पुंकेसर काढून टाकावे लागतात. एका कणसावर हजारो बारीक फुले असतात. ती शेंड्याकडून खाली, आठवडाभर रोज थोडी थोडी उमलतात, तीही रात्री उशिरा किंवा पहाटे. पैदासकार आदल्या दुपारी कणसाचा हवा तेवढा भाग ठेवून बाकीचा कापतो, चिमट्याने एकेका फुलातले पुंकेसर उपसतो, कणीस कागदी पिशवीत बांधतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग आणून झटकतो. पिशवीवर तारीख आणि आई-बापांचे क्रमांक. एवढ्या खटाटोपातून हातात पडतात मूठभर दाणे. पहिल्या पिढीत झाडे एकसारखी दिसतात, दुसऱ्या पिढीत सगळे गुण विखुरतात, आणि त्या शेकडो झाडांतून रसाळ, गोड, पांढऱ्या टपोऱ्या दाण्याचे आणि न लोळणारे असे एखादे झाड शोधायचे असते.

रसाळपणा आणि गोडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इथे ध्यानात ठेवावे लागते. रसाने ओथंबलेले धाट बेचव निघू शकते. १९३० च्या दशकात कोइम्बतूरच्या केंद्रावर रंगस्वामी अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वारीचे हे गुण वेगवेगळे करून तपासले होते. पुढे लक्षात आले की रसाळपणा जरी मुख्यतः एका जनुकावर असला तरी गोडीच्या मागे अनेक जनुकांची थोडी थोडी भर असते. अशा गुणाचा हिशेब बेरजेचा. दोन्ही पालक गोड असतील तर संतती गोड. एकच गोड असेल तर संतती साधारण मधे कुठेतरी. धाटाचे वजन मात्र निराळ्या नियमाने चालते. तिथे संकरजोम दिसतो, म्हणजे दोन वेगळ्या घराण्यांचे पालक जोडले की संतती दोघांपेक्षा भरगच्च निघते. म्हणून गोड ज्वारीचा संकरित वाण काढणाऱ्याला दोन कामे एकदम करावी लागतात. नरवंध्य मादी वाणातही गोडी घालायची आणि प्रजननक्षमता परत आणणारा नर वाणही गोड, उंच निवडायचा. मादी वाण बहुधा बुटक्या दाण्याच्या ज्वारीतून आलेला असतो, त्यामुळे तिच्यात गोडी घालणे हे या सगळ्यातले सर्वांत वेळखाऊ काम.

उंचीचाही हिशेब आहे. ज्वारीत उंची ठरवणारी चार मुख्य जनुके क्विन्बी आणि कार्पर यांनी १९५४ मध्ये मांडली. सगळी प्रभावी रूपात असली तर ताट माणसाच्या दुप्पट उंच होते, एकेक अप्रभावी होत गेले की पेरे आखूड होत जातात. उंच ताटात रस जास्त, पण पावसाळी वाऱ्यात ते आडवे पडते. आणि फुलोऱ्याची वेळ दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. शाळू किंवा रब्बीची ज्वारी दिवस लहान झाल्याशिवाय फुलावर येत नाही. खरिपासाठी पैदा केलेला गोड वाण रब्बीत पेरला तर लवकर निसवतो, ताट लहान राहते आणि हेक्टरी साखर घटते. फलटण असो की कंधार, गोड ज्वारीचे वेळापत्रक याच अडचणीपाशी येऊन थांबते. त्याकडे पुढे येऊ.

फलटणच्या वाफ्यांमधली ही निवड दोन दशकांहून अधिक चालली. वाफ्यातून हिंडायचे, धाटाला टोचून रसाचा एक थेंब ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे प्रमाण, मोजायच्या दुर्बिणीसारख्या उपकरणावर घ्यायचा, आकडा वहीत लिहायचा. त्या वह्यांतून शेवटी जो संकरित वाण बाहेर आला त्याचे नाव ‘मधुरा’. त्याचा दाणा भाकरीला चालतो, पाला जनावरे खातात, धाट पिळल्यावर रस मिळतो आणि उरलेले चिपाड जळणाला किंवा पुन्हा वैरणीला. वर्षातून दोन पिके घेतली तर हेक्टरी २ ते ४ टन धान्य आणि शिवाय २,००० ते ४,००० लिटर इथेनॉल, असा संस्थेचा हिशेब आहे. यातले ‘शिवाय’ महत्त्वाचे. मका किंवा तांदळापासून इंधन करायचे तर धान्यच भट्टीत जाते. इथे धान्य कणगीत जाते आणि इंधन धाटातून येते.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला असेच काम एका झाडावर चालू होते. उत्तर युरोपात पाणथळ जागी वाढणाऱ्या विलो जातीच्या झाडांकडे स्वीडनने तेलटंचाईनंतर इंधनासाठी पाहायला सुरुवात केली. १९८० च्या दशकात तिथे खास इंधनासाठी विलोची पैदास सुरू झाली. त्याच दशकात अमेरिकेत सिराक्यूजच्या वनविद्यापीठाने हे काम हाती घेतले. इंग्लंडमध्ये तर टोपल्या विणण्यासाठी लागणाऱ्या विलोचा संग्रह १९२० च्या दशकापासूनच होता. तो आज रॉथमस्टेडच्या केंद्रावर जपलेला आहे. पैदासकाराच्या नजरेने पाहिले तर विलो आणि ज्वारी यांचे स्वभाव उलटे. विलोत नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे, त्यामुळे स्वपरागीकरण करून शुद्ध वाण काढताच येत नाही. पण एकदा एखादे जोमदार झाड हाती लागले की त्याच्या कांड्या तोडून लावल्या, तेच झाड हजारो एकरांवर जसेच्या तसे उभे राहते. दर तीन वर्षांनी बुंध्यापासून कापायचे, पुन्हा फुटू द्यायचे, वीसेक वर्षे हेच. दूरच्या जातींच्या संकरातून तीन गुणसूत्रसंच असलेली संतती निघते आणि ती विशेष जोमदार असते, हे तिथल्या लोकांनी पुढे हेरले. ज्वारीत कांडी लावून भागत नाही. दर पेरणीला नवे संकरित बी लागते. पण चार महिन्यांत पीक हाती येते, वर्षाला दोन पिढ्या पाहता येतात आणि निवडीचा वेग झाडापेक्षा कितीतरी अधिक. शिवाय विलोला दाणा नाही. आठमाही पाण्याची ददात असलेल्या प्रदेशात, जिथे इंधनासाठी वेगळी जमीन काढून ठेवणे परवडत नाही, तिथे ज्वारीच योग्य, हा फलटणचा निर्णय या तुलनेत अधिकच पटतो.

१९८१ मध्ये संस्थेत अनिल राजवंशी आले. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले, फ्लोरिडा विद्यापीठातून सौरऊर्जेत पीएच.डी. मिळवलेले यंत्र अभियंता. बनबिहारींच्या कन्या नंदिनी निंबकर यांचेही कृषिविद्येतले उच्च शिक्षण फ्लोरिडातलेच. दोघांनी मिळून संस्थेला वेगळीच दिशा दिली. एकीने ज्वारीचे रोप सांभाळायचे, दुसऱ्याने त्या रसाचे इंधन करायचे. महाराष्ट्रात पीक पैदास आणि ऊर्जा अभियांत्रिकी एकाच आवारात, एकाच टेबलावर बसून झाल्याची दुसरी उदाहरणे फार थोडी.

धाटाचा रस आंबवला की त्यात जेमतेम काही टक्के अल्कोहोल तयार होते. ते पाण्यापासून वेगळे करायला उष्णता लागते, आणि ती उष्णता लाकूड जाळून मिळवायची तर सगळ्या हिशेबाला काही अर्थ राहत नाही. म्हणून राजवंशींनी उन्हावर चालणारा ऊर्ध्वपातनाचा प्रकल्प उभा केला. ३८ चौरस मीटर सौरसंग्राहक, सुमारे २,१०० लिटर गरम पाण्याची टाकी, आणि त्या पाण्याच्या उष्णतेवर रोज ३० ते ४० लिटर, ९५ टक्के शुद्धतेचे इथेनॉल. १९८० च्या दशकात, भारताच्या एका तालुक्याच्या गावी, गोड ज्वारीच्या रसापासून उन्हावर इंधन निघत होते, हे आजच्या पिढीला मुद्दाम सांगायला हवे. या इथेनॉलवर चालणारे कंदील आणि शेगड्या संस्थेनेच बनवल्या. ‘नूरी’ नावाच्या कंदिलाचा उजेड शंभर वॅटच्या बल्बइतका पडे. पुढे तर निम्मे पाणी आणि निम्मे अल्कोहोल अशा मिश्रणावर जळणारी शेगडीही तयार झाली. त्यामागचा विचार साधा होता. गावातल्या छोट्या भट्टीत इतपत शुद्धता सहज मिळते, आणि पाणी मिसळलेले असल्याने भडका उडण्याचा धोका कमी होतो. अल्कोहोलवरच्या अबकारी नियमांमुळे हे इंधन घराघरांत पोचू शकले नाही. तंत्र तयार असताना कायद्याने वाट अडवली, ही खंत राजवंशींनी जाहीर लेखनातून वारंवार मांडली आहे आणि ती रास्त आहे.

चिपाडही वाया जाऊ दिले नाही. उसाचे पाचट आणि गोड ज्वारीची चिपाडे जाळून वायू करणारी संयंत्रे संस्थेने १९९० च्या दशकात विकसित केली. लाकडाच्या ढलप्यांवर चालणारी संयंत्रे तेव्हा होती, पण पाचटासारखा हलका, भुसभुशीत पाला त्यात अडकून बसतो. त्यावर उपाय शोधणे हे त्या कामाचे सार. त्याच काळात एका तालुक्यातल्या शेतकचऱ्यातून त्या तालुक्याची ऊर्जेची गरज भागेल का, याचा फलटण तालुक्यापुरता बारकाईने हिशेब मांडला गेला आणि त्याची दखल दिल्लीपर्यंत घेतली गेली.

गोड ज्वारीच्या रसापासून दाणेदार साखर का होत नाही, असा प्रश्न साखरपट्ट्यातले लोक हमखास विचारतात. उसाच्या तुलनेत या रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचे प्रमाण जास्त असते, शिवाय स्टार्च असतो. त्यामुळे स्फटिक बनत नाहीत. पण यीस्टला याच साखरा चटकन आवडतात, आणि काकवीसाठी तर स्फटिक न होणे हा गुणच ठरतो. फलटणने गोड ज्वारीची काकवीही करून पाहिली आणि तिला गिऱ्हाईक मिळवले.

ज्वारी हे संस्थेचे एकमेव पीक नव्हे. मराठवाड्याला जवळचे आहे ते करडईचे काम. करडईच्या काढणीला हातमोजे घालून, पहाटेच्या दवात काटे मऊ असताना शेतात उतरावे लागते, हे नांदेड-लातूरच्या मजूर बायांना ठाऊक आहे. काट्यांमुळे मजूर मिळेना, म्हणून शेतकरी करडई सोडू लागले. बिनकाटेरी झाडे निसर्गात होती, पण त्यांचे उत्पादन आणि तेल कमी. फलटणने बिनकाटेरी, भरघोस वाण दिले. ‘नारी-६’ हा त्यातला गाजलेला, आणि ‘नारी-एनएच-१’ हा जगातला पहिला बिनकाटेरी संकरित करडई वाण. अखिल भारतीय करडई संशोधन प्रकल्पात फलटण आणि परभणी ही दोन्ही केंद्रे आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी कुसुम’ कंधारच्या शेतकऱ्याला परिचित असेल. सरकारी विद्यापीठ आणि खासगी संस्था एकाच चाचणीत शेजारी शेजारी वाण लावतात, ही या प्रकल्पाची खरी ताकद आहे.

मेंढ्यांच्या कामाचा उल्लेख टाळता येत नाही, कारण एका जनुकाची किंमत त्यातून उघड दिसते. बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची लहानखुरी मेंढी आहे. ती एका वेताला दोन-तीन पिल्ले देते. कारण तिच्यात ‘फेक-बी’ नावाचे जनुक. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांबरोबर ते तिकडे पोचले आणि बुरुला मेरिनो म्हणून प्रसिद्ध झाले. आपल्या दख्खनी मेंढीला एका वेताला बहुधा एकच पिल्लू. बनबिहारींच्या दुसऱ्या कन्या चंदा निंबकर यांनी गारोळचे हे जनुक दख्खनी मेंढीत आणले. दर पिढीत दख्खनी रक्त वाढवत नेले आणि जनुक तेवढे टिकवले. कोकरात ते आहे की नाही, हे रक्ताच्या थेंबावरून सांगणारी डीएनए चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीने वापरली गेली, आणि ऑस्ट्रेलियन संशोधकांचे सहकार्य मिळाले. त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी उभी राहिली. धनगरांच्या कळपात ती प्रत्यक्ष पोसून पाहिली गेली. जुळी झाली तर दूध पुरते का, रानोमाळ फिरताना दुसरे कोकरू जगते का, याची नोंद ठेवली गेली. प्रयोगशाळेत यश आल्यावर थांबायचे नाही, ही या घराण्याची सवय मेंढीतही दिसते.

आता नांदेडकडे. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण आले आणि गोड ज्वारीला पहिल्यांदाच मोठे गिऱ्हाईक दिसू लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय ज्वारी केंद्राने २००५ मध्ये सीएसएच २२ एसएस हा गोड ज्वारीचा संकरित वाण प्रसारित केला. पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत बेलम रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड मादी वाण तयार करण्यावर भर दिला. इक्रिसॅटच्याच मदतीने तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात रुस्नी डिस्टिलरीजने २००७ मध्ये गोड ज्वारीपासून इथेनॉल काढायला सुरुवात केली. त्याच सुमारास टाटा केमिकल्सने नांदेड जिल्ह्यात रोज ३० हजार लिटर क्षमतेचा गोड ज्वारीचा इथेनॉल प्रकल्प उभारला. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी कारखान्यासाठी ज्वारी पेरली. दाणा घरी, धाट कारखान्याला, हा फलटणने मांडलेला हिशेब प्रथमच व्यापारी प्रमाणावर आपल्या भागात उतरला.

हे दोन्ही प्रयोग गोड ज्वारीवर टिकले नाहीत. पिकाची प्रकृती पाहिली तर अडचण स्पष्ट आहे. खरिपाची गोड ज्वारी मृगात पेरली की ऑक्टोबरच्या आसपास एकदम पक्व होते. धाटातली साखर दाणा चिकात असल्यापासून पक्व होईपर्यंत वाढते आणि मग उतरू लागते, म्हणून काढणीची चांगली वेळ फार थोड्या दिवसांची. तोडलेले धाट एक-दोन दिवसांत आंबायला लागते. ऊस शेतात उभा ठेवता येतो, ज्वारी ठेवता येत नाही. आणि वर्षातून महिना-सव्वा महिना कच्चा माल मिळाला तर एवढी मोठी यंत्रणा बाकीचे दिवस कशावर चालवायची? वाहतूकही महाग पडते, कारण धाटात बहुतांश पाणीच असते. यांपैकी काही गोष्टी व्यवस्थापनाच्या आहेत, पण मूळ गाठ अनुवंशशास्त्राची आहे. फलटणने सुरुवातीपासून छोट्या, गावपातळीवरच्या भट्टीचा आग्रह का धरला, हे नांदेडच्या अनुभवानंतर जास्त समजते. शेताजवळच रस काढायचा, तिथेच त्याची काकवी करून ठेवायची आणि काकवीपासून सवडीने इंधन करायचे, हा मार्ग धाटाच्या नाशवंतपणाला वळसा घालतो.

बनबिहारी निंबकर २०२१ मध्ये, नव्वदीत, गेले. पुढच्याच वर्षी राजवंशींना पद्मश्री मिळाली. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात इथेनॉलच्या कच्च्या मालाच्या यादीत गोड ज्वारीचे नाव आहे, आणि पेट्रोलमधले इथेनॉल आता २० टक्क्यांपर्यंत पोचले आहे. त्याचा मोठा भाग ऊस, मका आणि तांदूळ यांतून येतो. मराठवाड्यात उसाच्या पाण्यावरून दर उन्हाळ्यात वाद होतात. मानार धरणाच्या कालव्याखालचा शेतकरी आणि त्याच तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी यांची परिस्थिती वेगळी आहे. दुसऱ्याच्या शेतात ऊस होणार नाही, ज्वारी होते.

या शेतकऱ्यासाठी पैदासकारापुढे जे काम शिल्लक आहे ते नेमके सांगता येते. एकाच वेळी पेरून निरनिराळ्या दिवशी पक्व होणारे तीन-चार गोड वाण हवेत, म्हणजे गाळपाचे दिवस वाढतील. फुलोऱ्याची वेळ ठरवणाऱ्या जनुकांची ओळख आता पटलेली आहे. त्यातल्या मुख्य जनुकाची २०११ मध्ये, आणि ज्वारीचा संपूर्ण जनुकसंच तर २००९ मध्येच वाचून झाला. रब्बीच्या लहान दिवसांतही साखर धरून ठेवणारा, खोडमाशीला आणि खडखड्याला तोंड देणारा गोड वाण हवा. त्यासाठी मालदांडीची चिवट घराणी आणि गोड वाणांचा पुन्हा संकर करावा लागेल. पक्व झाल्यावरही धाटातली साखर काही आठवडे टिकवणारी झाडे निवडावी लागतील. परभणीत ज्वारीचे संशोधन केंद्र आहे, नांदेडला कापूस संशोधन केंद्राने ‘नांदेड ४४’ सारखा संकरित वाण देऊन दाखवलेला आहे, म्हणजे या भागात पैदाशीची परंपरा आणि हात दोन्ही आहेत. हे काम कंधार तालुक्यातल्या दहा-वीस शेतकऱ्यांच्या बांधावर, त्यांच्याच खरीप आणि रब्बीच्या रानात, पानाची शीर बघून पहिली निवड करत सुरू करता येईल.